तळमजल्यावरची खोली

कुणाल, तो फोन आधी खिशात घाल. कोजागिरीचा चंद्र बघायला गच्चीवर आलायस ना, मग वर बघ. आणि मोहना, दूध-पोह्यांची ती रिकामी वाटी कठड्याला लावून ठेव, बाई, कुणाच्या तरी पायाखाली येईल.

मघाशी विचारलंत की, दत्ताजीकाका, तुम्ही भूत पाहिलंय का. नाही पाहिलं. एकाहत्तर वर्षं बडोद्यात काढली, नाही नाही त्या वेळी कमाटीबागेतून एकटा चालत आलो, पण एकही आडवं आलं नाही. माझं तोंड बघून तीच परतली असतील. मी सांगतो ते माझ्या मित्राचं, रमाकांतचं. आपल्याच सोसायटीतलं कडुलिंबाखालचं बावीस नंबरचं बैठं टेनामेंट, ते त्याचं घर. हल्ली बंद असतं. किल्ली माझ्याकडे आहे.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. अकरा तारीख, गुरुवार. संध्याकाळी रमाकांत स्कूटर काढून खंडेराव मार्केटला गेला. काम दोन गोष्टींचं होतं. टेबलावर फोन उभा ठेवायचं स्टँड आणायचं होतं, कारण रात्री मुलगा व्हिडिओ कॉल करणार होता आणि गेल्या वेळी रमाकांतचा हात हलून हलून समोरच्यांना त्याचं नुसतं छत दिसलं होतं. दुसरं म्हणजे भाजी. स्टँड मिळालं. भाजीवालीकडे हिरव्या लसणाच्या जुड्या आल्या होत्या, त्यातल्या दोन त्याने घेतल्या. थंडी पडली की बायको हिरवा लसूण घालून बाजरीचे रोटले करायची, म्हणून हात आपोआप गेला. पैसे देऊन झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की घरात आता हे निवडणारं कोणी नाही. तो मला म्हणाला, “दत्ता, तेव्हा वाईट वाटायला पाहिजे होतं रे. काहीच वाटलं नाही. जुडी पिशवीत टाकली आणि घरी आलो.”

असाच झाला होता तो. प्रतिमावहिनी मे महिन्यात गेल्या. सकाळी चहा ठेवला, ओट्याला टेकल्या, संपलं. रमाकांत रडला नाही. तिसऱ्या दिवशी दाढी केली, गॅसच्या बाटल्याचा नंबर लावला, पेपरातलं शब्दकोडं सोडवलं. लोक म्हणाले, धीराचा माणूस. कसला धीर! आतून लाकूड झालं होतं त्याचं. मी त्याला पहिलीपासून ओळखतो. त्याचे आजोबा संस्थानात वहिवाटदार, म्हणजे मामलेदार, आणि माझे त्यांच्याच कचेरीत कारकून, पण साठ वर्षांत त्याने हे मला एकदाही ऐकवलं नाही. उलट त्याच्या उजव्या पायाचा अंगठा अर्धा आहे, तो माझ्यामुळे. नववीत त्याला सायकलवर डबलसीट घेतलं आणि पाय चाकात गेला. तेसुद्धा कधी बोलून दाखवलं नाही.

वहिनींच्या जाण्यात एक सल होता. मुलगा उन्मेष हॉलंडात, उट्रेक्ट नावाच्या शहरात नोकरी करतो. सून ईशानीही तिथेच. वहिनींना एकदा त्यांचं घर बघायला जायचं होतं. चार वर्षं म्हणत होत्या. रमाकांत म्हणायचा, पुढच्या वर्षी. थंडी फार, गुडघे दुखतील, पुढच्या वर्षी. शेवटी वहिनींनी स्वतःचे स्वतः कागद केले. व्हिसा लागून त्यांचा पासपोर्ट कुरियरने आला तो त्यांच्याच सुतकात, सहाव्या दिवशी. रमाकांतने सही करून घेतला आणि कपाटात ठेवून दिला.

आता एक रीत सांगतो, तुमच्या घरांतून गेली असेल ती. माणूस जिथे जातं, तिथे दहा दिवस दिवा ठेवतात. दहाव्याच्या रात्री दिव्याशेजारी तांदळाची पिठी पसरायची, वर टोपली उपडी घालायची. सकाळी उचलून बघायचं. पिठात काहीतरी उमटलेलं असतं म्हणतात. पाखराचं पाऊल, मुंगीची रेघ, काहीही. त्यावरून गेलेल्याची वाट कळते. खरं-खोटं देव जाणे. वहिनींच्या बहिणीने सगळं रीतसर केलं आणि सकाळी ती अंघोळीला गेली. तेवढ्यात विमलबेन झाडू घेऊन आली. वीस वर्षं कामाला आहे ती त्यांच्याकडे.

“काका, आ लोट रहेवा दऊं के वाळी नाखूं?” पीठ राहू दे की झाडून टाकू, असं विचारत होती.

रमाकांत झोपाळ्यावर बसला होता. “झाडून टाका, विमलबेन,” म्हणाला.

तिने टोपली बाजूला केली, रडत रडतच झाडू फिरवला, पीठ सुपलीत भरून बाहेर टाकलं. खाली कुणी बघितलंच नाही. बहिणीने येऊन कपाळाला हात लावला, पण वरातीमागून घोडं. वहिनी कुठे गेल्या, हे कळायचं राहिलं ते राहिलं.

नंतर महिनाभराने रमाकांतला पावलं ऐकू यायला लागली.

रोज रात्री सव्वानऊला. जेवण करून तो हॉलमध्ये झोपाळ्यावर बसला की आतल्या खोलीतून कुणीतरी उठायचं. अनवाणी. कोटा दगडाच्या फरशीवर तळवे टेकल्याचा आवाज. मधल्या बोळातून, झोपाळ्याच्या मागून, स्वयंपाकघरात. ओट्यापाशी थांबायचं. बस. मी दोनदा मुद्दाम जाऊन बसलो, मला काही ऐकू आलं नाही. पण तो मान जराशी वळवायचा आणि म्हणायचा, “ऐकलंस? आली.” भीती नाही, आनंद नाही. दूधवाला आला म्हणावं तसं. रात्री ओट्यावर पाण्याचं भांडं भरून ठेवायला लागला. मी म्हटलं, अरे, डॉक्टरला दाखव. तर म्हणाला, “डॉक्टर तिला घालवून देईल.”

आता तुम्हाला कळेल की त्या गुरुवारी अडलं कुठे होतं. उन्मेष-ईशानी तिकडे वर्षभर घर शोधत होती. तिकडची जुनी वस्ती म्हणजे आपल्या मांडवीच्या पोळांतल्या गल्ल्या बऱ्या म्हणायच्या. घराला घर चिकटलेलं, रुंदी एका खोलीएवढी, जिना असा उभा की उतरताना माणसाने पाठमोरं उतरावं. आणि खिडक्यांना पडदे नाहीत! येणाऱ्या-जाणाऱ्याने खुशाल बघावं, आत काय शिजतंय ते. असं घर मिळायलाही मारामार. वीस मिनिटं आत फिरून बघू देतात, मग बंद पाकिटात बोली द्यायची, आणि कोण जिंकलं ते नंतर कळतं. सहा घरं हातची गेली होती. सातव्या घराला तळमजल्यावर मागे एक खोली होती. उन्मेषने बापाला स्पष्टच सांगितलं होतं, बाबा, तुम्ही येणार असाल तर हे घर. नसाल तर आम्ही दोघांपुरता वरच्या मजल्यावरचा फ्लॅट घेतो. उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत.

रमाकांतचं उत्तर ठरलेलं होतं. नाही. तो मला म्हणाला होता, “दत्ता, ती जिवंत असताना तिला नेलं नाही. आता ती इथे येते तर मी उठून तिकडे जाऊ?”

रात्री बरोबर नऊला फोन वाजला. तिकडे दुपारचे साडेचार, पण डिसेंबरात तिथे तेव्हाच दिवेलागण. स्टँडवर फोन उभा. त्या सातव्या घराच्या दारात एजंटबाईने दोघांच्या बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या, लादी खराब होऊ नये म्हणून. उन्मेष फोन घेऊन फिरायला लागला. ही बैठक, हे स्वयंपाकघर, ही वरची खोली.

“बाबा, दिसतंय ना नीट?”

“दिसतंय.”

“कसं आहे?”

“बरं आहे.”

“बाबा, बरं काय... काहीतरी बोला ना,” ईशानी मागून म्हणाली. “आवडलं नाही का?”

“आवडलं की.”

उन्मेष जिना उतरून मागच्या बाजूला आला. दार बंद होतं. एजंटबाई काहीतरी बोलली ते त्याने सांगितलं, “बाबा, ही तुमची खोली. भिंती घासून नव्या केल्यात, रंग व्हायचाय. सोमवारपासून बंदच आहे, आत कुणी गेलेलं नाही. बल्ब नाहीये, थांबा, टॉर्च लावतो.”

दार उघडलं. रिकामी खोली. समोर एकच खिडकी, बाहेर अंधार. भिंती घासल्याची पांढरी धूळ जमिनीवर सारखी पसरली होती. बारीक. पिठासारखी.

त्या धुळीत पावलं होती.

“रंगारी येऊन गेलेले दिसतात,” उन्मेष म्हणाला.

“अनवाणी?” ईशानी म्हणाली. “या थंडीत?”

रमाकांतने चष्मा सारखा केला. “उन्मेष, फोन खाली धर.”

पावलं लहान होती. दारापासून निघून खिडकीपर्यंत गेली होती. परत आलेली नव्हती. डावा, उजवा. डावा, उजवा. उजव्याला पाच बोटं. डाव्याला... चार.

प्रतिमावहिनींच्या डाव्या पायाची करंगळी जमिनीला टेकत नसे. लग्नात रमाकांतच्या आत्याने ते बघून नाक मुरडलं होतं, अशा बाईचा नवरा आधी जातो म्हणून. आत्याचं शास्त्र खोटं ठरलं. पण न्हाणीघरातून देवघरापर्यंत फरशीवर उमटलेली ती ओली चार बोटं रमाकांतने चाळीस वर्षं रोज बघितली होती. तो चुकणं शक्य नव्हतं.

आली होती. मुलाचं घर बघायला. कुणी नेलं नाही तेव्हा आपली आपण.

त्याच्या छातीत काहीतरी हललं म्हणे. मे महिन्यानंतर पहिल्यांदा. डोळे भरून येणार, एवढ्यात...

एवढ्यात नऊ वाजून पंधरा मिनिटं झाली.

आतल्या खोलीत कुणीतरी उठलं.

थप.

थप.

रमाकांत फोनकडे बघत होता. फोनमध्ये ती चार बोटं. आणि पाठीमागे, बोळात... अनवाणी तळवे. रोजचेच. रोजच्याच चालीने.

वहिनी तिकडे होत्या.

मग सहा महिने इथे कोण होतं?

ज्याला त्याने पाणी भरून ठेवलं. ज्याच्याशी बोलला. ज्याला सोडून जायचं नाही म्हणून मुलाला नाही म्हणणार होता.

“बाबा?” उन्मेष विचारत होता. “बाबा, आवाज येतोय ना?”

पावलं झोपाळ्याच्या मागे आली. रोज इथून पुढे जायची. स्वयंपाकघराकडे.

त्या रात्री गेली नाहीत.

थांबली.

रमाकांतने मान वळवली नाही. श्वास ऐकू येत नव्हता. काहीच नव्हतं. मग झोपाळ्याची कडी करकरली... आणि फळी एका बाजूने खाली गेली. त्याच्या शेजारी. माणूस बसल्यावर जाते, तेवढीच.

“बाबा, हो की नाही, एवढं तरी...”

“हो,” रमाकांत म्हणाला. “घर घ्या. मी येतो.”

मला त्याचा फोन आला तेव्हा पावणेदहा झाले होते. मी पायजम्यावरच धावलो. दार उघडं होतं. हा झोपाळ्याच्या एका टोकाला पाय वर घेऊन बसलेला. अर्धी फळी रिकामी. हिरव्या लसणाची पिशवी अजून टेबलावर तशीच. मी खांद्याला हात लावला तर म्हणाला, “दत्ता, ती तिकडे आहे. मग इथे कोण आहे?” त्याला उठवलं आणि माझ्या घरी आणलं.

बोली लागली. घर मिळालं. मार्चपर्यंत रमाकांत रात्री माझ्याकडेच झोपायला यायचा. दिवसा आपल्या घरी जायचा, पण सातच्या आत कुलूप. जायच्या दिवशी अहमदाबादहून पहाटेचं विमान होतं, गाडी संध्याकाळी साडेसातला येणार होती. सामान बाहेर काढून झालं आणि मी बघतो तर हा हॉलमध्ये जमिनीवर बसून तांदळाची पिठी पसरतोय. वहिनींनी दळून ठेवलेल्या डब्यातली. शेजारी पणती. वर मोठी टोपली उपडी घातली, तिच्यावर पाटा ठेवला.

मी म्हटलं, “अरे, हे काय? वर्ष व्हायचंय अजून. आणि आता कुणासाठी?”

“एकदा बघायचं टाळलं मी,” तो म्हणाला. “तेव्हा बघितलं असतं तर तिची वाट कळली असती. भलत्याच्याच आशेवर बसलो नसतो. आता इथे जे कोणी आहे त्याचं तरी कुणीतरी बघायला पाहिजे. सकाळी ये आणि उचल.” मग दाराला त्याने स्वतः कुलूप घातलं, ओढून बघितलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. गाडीत बसताना मला मिठी मारली. मी रडलो. तो नाही.

आता तो तिकडे बरा आहे. रविवारी फोन करतो. त्या मागच्या खोलीत राहतो, कालव्याच्या काठाने फिरून येतो. मी विचारलं एकदा, वहिनी जाणवतात का रे? म्हणाला, “नाही रे दत्ता. इथे काहीच ऐकू येत नाही. मी रोज जागून बघतो.” एवढा जिवाचा आटापिटा करून गेला आणि तिथे नुसती शांतता.

ईशानी वेगळंच सांगते. हसत हसतच सांगत होती परवा. “काका, आमची लाकडी जमीन इतकी जुनी आहे, मांजर चाललं तरी करकरते. पण बाबा कधी येऊन मागे उभे राहतात ते कळतच नाही. पायाचा आवाजच नाही त्यांच्या.” मी म्हटलं, मोजे जाड असतील, बेटा. दुसरं काय म्हणणार?

काय मोहना? टोपली? हो, उचलली ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. कुलूप जसंच्या तसं. खिडक्या आतून बंद. पणती विझलेली. पाटा जागच्या जागी. पोहोचल्यावर रमाकांतने पहिला फोन केला तो मलाच. “काय दिसलं?” मी सांगितलं, “काही नाही रे. कोरं होतं.” तो म्हणाला, “बरं झालं.” आणि फोन ठेवला.

खोटं बोललो मी. साठ वर्षांत त्याच्याशी पहिल्यांदा. घरी हे कुणालाच सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

पिठात एक पाऊल होतं. एकच. खोल, स्पष्ट, भार देऊन टेकलेलं. बाईचं नव्हतं. पुरुषाचं होतं, उजवं.

अंगठा अर्धा होता.

मी तिथेच खाली बसलो. रमाकांत तेव्हा विमानात होता, जिवंत होता, खिडकीजवळची जागा मिळाली म्हणून त्याचा मेसेज आला होता माझ्या फोनवर. ‘इथे कोण आहे?’ असं त्याने विचारलं होतं, त्याचं उत्तर समोर पिठात होतं. मग एक गोष्ट लक्षात आली आणि मी उठून बाहेर आलो, दाराला कुलूप घातलं. पीठ अजून तिथेच आहे. झाडायला माझा हात झाला नाही.

बोटं दाराकडे नव्हती. आतल्या खोलीकडे होती.